पसंतीची यादी तुझ्या हातानं लिही

निलंगा तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापत नाही, मजकूरही थोडा कमी करून देते.

"मॅडम, मी बारावी सायन्सला आहे, लातूरला खोली करून राहते. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात सगळे पाहुणे आले होते. कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबील वाढणं चाललं होतं आणि जो तो मला विचारत होता, नीटचं काय, किती मार्क येतील. माझी मावसबहीण दोन वर्षं झाली लातुरातच नीट रिपीट करतेय. मला गणित आवडतं. पेपर सोडवायला बसले की मेसची वेळ निघून जाते तरी कळत नाही. मला इंजिनिअरिंगला जायचंय, नांदेडच्या कॉलेजला, असं मी म्हणलं तर मामा हसले. म्हणाले, जायचं तर पुण्याला जा, नांदेडला जाऊन काय करती? अण्णा काहीच बोलले नाहीत. आमच्या खोलीजवळ एक सर ॲडमिशनचं बघतात. बारा हजार घेतात, फॉर्म तेच भरतात, मोबाईल नंबर त्यांचाच टाकतात आणि ओरिजिनल कागदं ठेवून घेतात. अण्णा म्हणतात, आपल्याला यातलं कळत नाही, देऊन टाकू. आमची चार एकर कोरडवाहू. मागच्या साली कुणबीचा दाखला काढलाय, त्याच्या पुढं काही केलेलं नाही. मी काय करू?"

बाळ,

आधी एकच सांगते, बाकीचं मग. त्या सरांना तुझे ओरिजिनल कागद देऊ नका. अण्णांनी दिले असतील तर उद्या सकाळी जाऊन परत आणा. आणि अर्जावर मोबाईल नंबर तुझा किंवा अण्णांचा, तिसऱ्या कुणाचा नको.

मी सव्वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं आणि त्यातले बरेच पावसाळे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर कागद तपासण्यात गेले. त्यातली एक दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पेरण्या उरकल्या होत्या. एक शेतकरी मुलाला घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले. चपला बाहेर काढल्या, कॉम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नाहीत असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. हातात कापड दुकानाची पिशवी, आत गुणपत्रिका, टीसी, दाखले, सगळं खताच्या पोत्यातल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. मुलाला पहिल्या फेरीत कॉलेज लागलं होतं आणि ते त्याला नको होतं. मी त्याचा पसंती अर्ज, म्हणजे हवी ती कॉलेजं क्रमानं लिहायची यादी, उघडला. पस्तीस-चाळीस नावं होती. पोरगा माझ्या खांद्यावरून वाचायला लागला, आणि माझ्या लक्षात आलं की ही यादी तो पहिल्यांदाच बघतोय. यादी कुणा सरांनी भरली होती, ओटीपी त्यांच्याच फोनवर गेला होता. एक नंबरला जे कॉलेज होतं त्याचं नावही पोरानं ऐकलेलं नव्हतं. आणि नियम असा आहे की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप पक्की. ती नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. वडील म्हणाले, "मॅडम, एवढं एक नाव खाली-वर करा की." मला ते करता येत नव्हतं, कुणालाच करता येत नव्हतं. त्यांनी पिशवीला गाठ मारली आणि निघाले. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत बारावीच्या दर वर्गाला पहिल्या तासाला हेच सांगितलं: अर्ज तुमचा तुम्ही भरायचा.

कुणबी ओबीसीत येतात, त्यामुळं तुझ्या बाबतीत तर यात पैशाचाही मोठा प्रश्न आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. खासगी कॉलेजातही. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवरच्या जागेवर घेतला तर ही माफी नाही. आता विचार कर. फॉर्म दुसऱ्याच्या हातात, ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर, आणि ऑगस्टमध्ये तुला सांगितलं, "कॅपमध्ये काही लागलं नाही, पण मी एका कॉलेजात जागा धरून ठेवलीय," तर तू काय बघून खात्री करणार? सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. पण एका चुकीत तुझ्या घरची चार वर्षांची फी जाईल. माफीत वसतिगृह, मेस आणि कॉलेजची बाकीची किरकोळ शुल्कं येत नाहीत, तेवढं धरून चाला. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, ओबीसी मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. दोन्ही एकदम मिळत नाहीत, तुम्हाला जी लागू पडते ती घ्या. कॉलेज मिळाल्याबरोबर तिथल्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारायचं, नोटीस लागायची वाट बघायची नाही.

आता यादीबद्दल. इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, दिली की झालं, असं पुष्कळ घरांत वाटतं. सीईटीची नोंदणी वेगळी आणि निकालानंतर कॅपची नोंदणी वेगळी. कॅपची नोंदणी, कागदांची तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावर हरकती, मग अंतिम यादी आणि त्यानंतर पसंती अर्ज. तात्पुरती यादी आली की तुझं नाव, प्रवर्ग, गुण, जन्मतारीख अक्षर अन् अक्षर तपास. हरकतीची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते आणि ती गेली की चूक तशीच पुढं जाते.

पसंती अर्जात कॉलेज आणि शाखा अशा जोड्या लिहायच्या असतात, क्रमानं. मुली मला विचारायच्या, "मॅडम, वरचं कॉलेज लिहिलं आणि नाही मिळालं तर खालचं पण जाईल का?" जात नाही. तुझ्या गुणवत्ता क्रमांकाची पाळी आली की संगणक तुझी पहिली ओळ बघतो. जागा आहे? दिली. नाही? दुसरी ओळ. मग तिसरी. वर स्वप्नातलं कॉलेज लिहिल्यानं खालच्या कॉलेजावरचा तुझा हक्क तसूभर कमी होत नाही. म्हणून यादी आवडीच्या क्रमानं लिहायची, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमानं लिहायची नाही. "हे मिळेल, म्हणून हे वर टाकते," असं करणाऱ्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना ते मिळतं आणि तिथंच कुलूप लागतं. त्यांच्याहून कमी गुणांची मैत्रीण त्यांना हव्या असलेल्या कॉलेजात जाते.

कुलूप हा शब्द मुद्दाम वापरला. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागायची. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी तेच. म्हणजे वरच्या सहा ओळी फार जपून लिहायच्या. तिथं एकही नाव असं नको की ते मिळालं तर तू रडशील. तुझ्या वर्षाची माहिती पुस्तिका आली की हा भाग सगळ्यात आधी वाच, पेन्सिलीनं खुणा कर. यादी मोठी ठेवायला मात्र अजिबात लाजू नकोस. दहा नावं टाकून वाट बघत बसलेल्या मुलांना काहीच न लागल्याचं मी पाहिलंय.

कुठलं कॉलेज कितीला बंद झालं हे सांगायला कुणाची गरज नाही. राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या कट-ऑफच्या पीडीएफ फुकट आहेत. उघडल्या की पहिल्यांदा घाबरायला होतं, कारण सगळीकडे जीओपीईएनएच, एलओबीसीएच असली अक्षरं. एकदा फोड करून बघ. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे लेडीज, मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर एच असेल तर त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांच्या जागा, ओ असेल तर हद्दीबाहेरच्या, एस असेल तर राज्यभराच्या. खाली गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हे तुला माहीत असेल, पण मामांना माहीत नसेल, त्यांना सांग. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्वद जण तुझ्या मागं.

हे एच आणि ओ नीट समजून घे, नांदेड की पुणे याचं निम्मं उत्तर त्यात आहे. तू बारावी लातूर जिल्ह्यातून करतेस, म्हणजे तुझं विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्यात. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. जिथं एच-ओ अशी वाटणी आहे तिथं बहुतेक जागा आपल्या हद्दीतल्या मुलांना आणि थोड्या बाहेरच्यांना. पुण्याच्या अशा कॉलेजात तू ओ मध्ये मोडणार, तेव्हा तिथला ओ चा आकडा बघ, एच चा बघून हुरळून जाऊ नकोस. (पाहुण्यांपैकी कुणी "मराठवाड्याला ७०-३० आहे", म्हणजे सत्तर टक्के जागा आपल्याच भागातल्या मुलांना, असं म्हणालं असेल तर ते मेडिकलचं होतं आणि ते २०२० मध्ये रद्द झालं. दोन्हींची गल्लत फार होते.)

मामांच्या हसण्याचं मला वाईट वाटलं. मी पुण्याच्या विरोधात नाही. सीओईपीत, पुण्याच्या नावाजलेल्या सरकारी इंजिनिअरिंग संस्थेत, जागा मिळत असेल तर यादीत खुशाल ते वर लिही. पण पुण्याच्या हद्दीत आहे एवढ्यावरच एखादं कॉलेज नांदेडपेक्षा चांगलं ठरवायचं, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. तू ज्या संस्थेबद्दल लिहितेस ती विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था असणार. ती १९८१ ची. शासन अनुदानित, स्वायत्त. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय त्याहून जुनं, १९६० चं, तेही यादीत असू दे. या कॉलेजांतून बाहेर पडलेली आपल्या भागातली पोरं देशभर आहेत. तुझी निवड हसण्यासारखी अजिबात नाही.

कॉलेजांची तुलना करायची असेल तर लातूरच्या चौकातले फ्लेक्स वाचून करू नकोस. फ्लेक्सवर एका मुलाचं सर्वात मोठं पॅकेज असतं. तू विचार की या शाखेतल्या किती मुलांना नोकरी लागली आणि त्या सगळ्यांना पगाराप्रमाणं रांगेत उभं केलं तर मधोमध उभ्या असलेल्याचा पगार किती. हे कॉलेज सांगत नसेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना विचार, त्या सांगतात. मुलींच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाला जागा मिळते का, प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का, मास्तर वर्गावर येतात का, हेही त्यांच्याकडूनच कळतं.

नीटचं थोडक्यात सांगते, कारण उत्तर तू स्वतःच लिहून पाठवलंयस. नीटचा अर्धा पेपर जीवशास्त्राचा, ७२० पैकी ३६० गुण, आणि चुकलं की एक गुण वजा. सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण गणिताचे. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं, चुकलं तरी गुण कापत नाहीत. फिजिक्स-केमिस्ट्री दोन्हीकडे आहेच. जिचं गणितापायी मेसचं जेवण चुकतं तिनं कुठल्या अर्ध्यात वेळ घालायचा हे मी सांगायला नको. बोर्डाला जीवशास्त्र आहे तेवढं चांगलं कर. पण या तीन-चार महिन्यांत दोन डगरींवर हात ठेवू नकोस. सीईटीला साधारण ८० टक्के भाग बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा असतो, तेव्हा बोर्डाचा अभ्यास वाया जातच नाही. अकरावीचे सीईटीला असलेले धडे मात्र आत्ताच काढून ठेव, मुलं नेमके तेच विसरतात. आणि मावसबहिणीची तुलना कुणी केली तर गप्प बस. ती ज्या खोलीत बसून दोन वर्षं घासतेय, तिथं काय वाटतं ते तिचं तिलाच ठाऊक. तिला फोन कर, तिच्याशी नीट सोडून बाकी सगळं बोल.

एक गणिताची बाई म्हणून आणखी एक सांगते, राग मानू नकोस. गणित इतकं आवडतंय तर इंजिनिअरिंग ही एकच वाट नाही. गणितात बी.एस्सी. करून जॅमची परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला गेलेल्या मुली मी बघितल्यात. लातुरातच विज्ञानाची चांगली कॉलेजं आहेत. जालन्याला मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र आहे, केमिस्ट्रीही आवडत असेल तर तिथली माहिती काढ. यादी लिहिण्याआधी या वाटाही डोळ्यांखालून घाल, एवढंच.

आता कागद. हे काम आजपासून सुरू झालं पाहिजे आणि ते अण्णांनी करायचंय, तू अभ्यास सोडून तहसीलला जायचं नाही. म्हणून पुढचं अण्णांसाठी लिहिते, त्यांना वाचून दाखव.

अण्णा, नमस्कार. तुम्ही म्हणता तुम्हाला यातलं कळत नाही. तुम्ही सोयाबीनच्या थैलीवरचा लॉट नंबर वाचून बियाणं घेता, पीक विम्याचा अर्ज मुदतीत भरता, सोसायटीच्या कागदावर सही करण्याआधी चार जणांना विचारता. हे काम त्याच जातीचं आहे. मुदत पाळायची आणि पावती जपून ठेवायची.

कुणबीचा दाखला काढलात, पण नुसत्या दाखल्यावर राखीव जागा टिकत नाही. जात पडताळणी लागते. मुलीच्या कॉलेजातून प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र घ्या, ऑनलाइन अर्ज भरा आणि लातूरच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडे कागद जमा करून पावती घ्या. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा बघतात. आजोबा-पणजोबांचा शाळेतला निर्गम उतारा, जुनी महसुली नोंद, वंशावळीचं शपथपत्र. आपल्याकडच्या निजामकाळातल्या नोंदी उर्दूत नाहीतर मोडीत असतात, त्यांचं भाषांतर सोबत लावा. तुमच्या सख्ख्या-चुलत भावापैकी कुणाची पडताळणी आधी झाली असेल तर त्याची प्रत मागून घ्या, काम फार सोपं होतं. पडताळणी हातात नसेल तर पावतीवर प्रवेश मिळू शकतो, पण ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर मुलीला खुल्या प्रवर्गात धरतात, आणि तिथं गुण कमी पडले की लागलेली जागा जाते. जूनमध्ये सगळा जिल्हा त्या कार्यालयात असतो. तुम्ही तूर खळ्यावरून घरी आली की लगेच जा.

नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे ओबीसीतलं घर सधन गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतं, त्याला तहसीलचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. प्रमाणपत्रावर कधीपर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं, घेतानाच बघा. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला आत्ताच काढता येतो. फीमाफी आणि शिष्यवृत्तीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला मात्र ३१ मार्च उलटला की जुना होतो, तो एप्रिलमध्ये नव्यानं घ्या. सगळं आपल्या गावाजवळच्या आपले सरकार केंद्रावर होतं. तिथं दर लावलेले असतात, तेवढेच पैसे द्यायचे.

आणि एका संध्याकाळी दहावीची सनद, आधार, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक हे सगळं समोर मांडून बसा आणि नावं जुळवा. एकात बाबुराव, दुसऱ्यात बाबूराव, तिसऱ्यात आडनाव आधी. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त लेकरं यानंच अडकली. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे ते खरं धरा आणि आधार त्याप्रमाणं दुरुस्त करून घ्या. मुलीचं बँक खातं आधारला जोडलंय का हे बँकेत जाऊन विचारा, महाडीबीटीचे, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे त्याच खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं नसल्यानं मंजूर झालेली शिष्यवृत्तीही वर्ष-वर्ष अडकते.

बारा हजारांबद्दल माझं म्हणणं असं की तेवढ्यात हे सगळे दाखले, सीईटीची फी आणि नांदेडच्या दोन-तीन चकरा होऊन पैसे उरतील. अर्ज भरताना अडलं तर शासकीय तंत्रनिकेतनासारख्या सरकारी संस्थांत सुविधा केंद्रं असतात. तिथं माझ्यासारखी माणसं बसलेली असतात. एखादा तिरसट बोललाच तर मनावर घेऊ नका, दुसऱ्या खिडकीला जा. पण विचारल्याशिवाय परत येऊ नका.

पोरी, आता परत तुझ्याकडे. बोर्ड संपलं की सीईटीच्या आधी एक दिवस काढ आणि अण्णांना घेऊन नांदेडला जा. रविवारी नको, कॉलेज चालू असेल अशा दिवशी. लातूरहून सकाळची एसटी धरा. गेटवर सांगा की प्रवेशाची चौकशी करायचीय. अण्णांना कार्यशाळा दाखव, त्यांना तिथली यंत्रं बघायला आवडतील. तू मुलींच्या वसतिगृहाच्या बाहेर थांब आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या दोघी-तिघींना वर लिहिलेलं सगळं विचार. मेसमध्ये पैसे देऊन जेवता येत असेल तर जेवा, तिथली भाकरी तुला चार वर्षं खायचीय. येताना गाडीत अण्णांशी बोल. येळवसच्या दिवशी ते गप्प बसले म्हणजे नाही म्हणाले असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. पाहुण्यांपुढं बापाला बोलवत नाही कधी कधी. त्यांना सरळ विचार, अण्णा, तुमच्या मनात काय आहे.

निकाल लागला की कट-ऑफची पानं आणि तुझी कच्ची यादी घेऊन माझ्याकडे ये. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन, माऊस तुझ्या हातात.